बाबूजी, येऊन राह्यलो

खरं सांगते, प्रभूच्या येण्याचा मला वीट आला होता. हे लिहिताना आजही हात अडखळतो. पण ज्याच्याविषयी लिहिते आहे, त्याच्यापासून काय लपवायचं? आमच्या घरी दिवस त्याच्या येण्यानं उजाडायचा आणि त्याच्याच येण्यानं मावळायचा. मधल्या वेळात मी मशीनवर ब्लाउज शिवत बसायचे. छताचा पत्रा गळतो म्हटलं, की मामाजी म्हणायचे, "राहू दे व. येऊन राह्यला तो." तुमच्या चपला झिजल्या, नव्या घ्या म्हटलं, तरी तेच. रात्रीच्या जेवणाआधी ते प्रार्थना करायचे आणि शेवटी डोळे मिटूनच म्हणायचे, "सूनबाई, येऊन राह्यला." मग माझ्या 'हौ'ची, म्हणजे होकाराची, वाट पाहत थांबायचे. मी विचारायचे, "भाजी वाढू का?"

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडच्या मराठी घरांत सासऱ्याला मामाजीच म्हणतात. यांचे आजे-पणजे भंडाऱ्याकडून आलेले. त्यामुळे आमच्याकडे चर्चमधली प्रार्थना हिंदीत आणि घरातलं भांडण मराठीत. मामाजींनी उभं आयुष्य लांजीच्या खाजगी बसवर कंडक्टरी केली. स्टँडवर ताटकळलेली माणसं विचारायची, गाडी कव्हा येते? मामाजी शांतपणे सांगायचे, येऊन राह्यली. गाडी तेव्हा कुठं पंक्चर काढत उभी असायची, ते त्यांनाही ठाऊक नसायचं. हा शब्दच आमच्याकडचा मोठा लबाड आहे. आमचे हे अजून अंघोळीला बसलेले असतात आणि फोनवर मित्राला सांगतात, येऊन राह्यलो. म्हणून मी मामाजींना चिडवायचे, की तुमचा प्रभूही तसाच येऊन राह्यला दिसतो, टॉवेल गुंडाळून. ते रागवायचे नाहीत. म्हणायचे, "पाद्री मनते, आनेवाला है. आनेवाला म्हणजे अजून घरीच. येऊन राह्यला म्हणजे निघाला. मी निघालेल्याची वाट पाहून राह्यलो."

मामीजी, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यापासून हे वाढलं. आधी मामाजी इतर माणसांसारखेच ख्रिस्ती होते. रविवारी चर्च, नाताळला नवा शर्ट. मामीजींना कब्रस्तानात ठेवून आलो आणि त्यांनी शेवटच्या दिवसांबद्दलचं बायबलमधलं सगळं वचन माझ्या लेकीकडून वाचून घ्यायला सुरुवात केली. कर्णा वाजेल. जे त्याच्यात झोपले, म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवून गेले, ते आधी उठतील. मग जिवंत असलेले त्यांच्यासोबत वर घेतले जातील. लोकांना यातलं युद्ध दिसतं, आग दिसते, कुठल्या देशात भूकंप झाला ते दिसतं. मोबाइलवर तसल्या व्हिडिओंचा सुकाळ आहे. मामाजींना त्यातलं एकच दिसायचं. "तुझी सासू आधी उठन. मंग मले शोधन. मी तयार पाह्यजे, नाहीतं गर्दीत चुकामूक होईन." जगाचा शेवट म्हणजे त्यांच्या लेखी बायकोची भेट होती. एक पांढरा कुर्ता-पायजामा इस्त्री करून त्यांनी त्या दिवसासाठी पेटीत वेगळा ठेवला होता. अशा माणसावर चिडायचं तरी किती?

पण चिडायची वेळ आली ती डोळ्यावरून. डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला. उजव्यात मोतीबिंदू पिकला. उन्हाळा संपता संपता त्यांना माणूस आवाजावरून ओळखावा लागायला लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता वेळ काढू नका, पिकलेला बिंदू आत फुटला तर हाही डोळा जाईल आणि मग कोणाच्याच हातात काही राहणार नाही. मामाजींनी ऐकून घेतलं आणि हसले. "तो आला का नवं शरीर भेटणार हाय व. घर पाडाचंच असलं, तं त्याले चुना कोणी मारते का?" मी समजावलं, रागावले, एकदा रडलेही. आमचे हे रायपूरला कारखान्यात. ते तिथून फोनवर, असं सांग, तसं सांग. उंटावरून शेळ्या हाकणं नुसतं. म्हातारा माणूस काही पोतं नाही, उचललं आणि दवाखान्यात टाकलं. आणि मला दिसत होतं, की थोड्याच दिवसांत मामाजी पूर्ण आंधळे होणार आहेत, आणि ते प्रभूच्या नावानं होणार आहेत. हेच मला सहन होत नव्हतं. त्याच्यावर एवढा जीव लावणाऱ्याची त्यानं अशी गत करावी?

एका सकाळी मशीनची सुई तुटली आणि माझा धीरही. मी गुडघे टेकले नाहीत, डोक्यावर पदर घेतला नाही. तिथंच बसून म्हटलं, हे बघ प्रभू, एकतर तू ये, नाहीतर यांना दवाखान्यात पाठव. दोन्हीतलं एक कर, पण हे लटकवून ठेवणं बंद कर. याला प्रार्थना म्हणावं की भांडण, मला माहीत नाही. मग मी नवी सुई आणायला बाजारात निघून गेले.

परत आले तर मामाजी फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसलेले. दाढी केलेली, हनुवटीला एक काप, आणि अंगावर तो पेटीतला पांढरा कुर्ता. म्हटलं, "मामाजी, हे काय?"

"फोन आलता," ते म्हणाले. चेहरा असा, की लग्नाच्या दिवशीही नसेल. "मनला, बाबूजी, येऊन राह्यलो. तयार राहजा. सामान-गिमान काही घेऊ नका."

"कोण मनला?"

"मी इचारलं नाही."

त्यांच्या साध्या बटणाच्या फोनवर कोणाचा नंबर होता ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं. मला हसू आलं. कुठल्यातरी गाडीवाल्याचा, मंडपवाल्याचा चुकीचा फोन असणार, हे मला कळत होतं. पण सांगू कसं? शेजारीण धान वाळवता वाळवता बघत होती. रस्त्यावरून मोटरसायकली जात होत्या. प्रत्येक आवाजाला मामाजी खुर्चीत सरळ व्हायचे, आवाज पुढं गेला की पुन्हा टेकायचे. मी आत जाऊन एक स्टूल आणलं आणि त्यांच्या शेजारी बसले. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बरं केलं, आली. तुले सोडून कसा गेलो असतो?" त्या वाक्यानं मला रडू कोसळलं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून बरं झालं.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मामाजींनी तो दोन्ही हातांनी कानाला लावला. "हौ... हौ... चर्चच्या मागं. मोठा कडुनिंब हाय, तिथंच." मग जरा थांबले. कपाळावर आठी आली. फोनवर हात ठेवून मला हळूच म्हणाले, "सूनबाई, पत्ता इचारते, ते ठीक. पण आधार कार्ड घ्या मनते. वर आधार कायले लागते?"

मी फोन घेतला. पलीकडे गाडीचा ड्रायव्हर. गोंदियाच्या एका धर्मादाय दवाखान्याची गाडी होती, गावोगावचे म्हातारे गोळा करून डोळ्याच्या ऑपरेशनला नेणारी. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही कुणाला नेऊन राह्यले? तो कुणा लामता गावच्या बाबूजींचं नाव घ्यायला लागला. ते बालाघाटात लेकीकडे राहतात म्हणे. नंबर उतरवताना एक आकडा चुकला होता. मी चूक सांगत होते तोवर पांढरी गाडी कोपऱ्यावरून वळली आणि आमच्या कडुनिंबाखाली येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं दवाखान्यात फोन लावून नंबर नीट करून घेतला आणि लामत्याच्या बाबूजींना लावला. त्यांच्या लेकीनं सांगितलं, बाबांना ताप आहे, आज येत नाहीत, पुढच्या फेरीला येतील. ड्रायव्हर डोकं खाजवत मामाजींच्या डोळ्यांकडे बघत राहिला. पांढरं बुबुळ त्याच्या ओळखीचं होतं. म्हणाला, "बाबूजी, एक सीट रिकामी हाय. आले तं चला."

मामाजी उठले. हात पुढं करून गाडीचा दरवाजा चाचपला, दांडा धरला, पायरी पायानं शोधली. जुन्या कंडक्टरची सवय ती. मग विचारलं, "कुठं जाते गाडी?"

"गोंदियाले. डोळ्याच्या आपरेशनले."

त्यांचा हात दांड्यावरच राहिला. आत डोक्यावर पदर घेतलेल्या दोन म्हाताऱ्या, एक टोपीवाले आजोबा, सगळे थांबलेले. मामाजींचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि तो उतरताना मला बघवला नाही. इतका वेळ ते ज्याच्यासाठी नटून बसले होते, तो हा नव्हता. आता ते वळणार, खुर्चीत जाऊन बसणार, आणि मी पुन्हा कधी त्यांना इथवर आणू शकणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी त्यांच्या पाठीला हात लावला. मला वचन सुचलं नाही, विनवणी सुचली नाही. त्यांचंच एक बोलणं आठवलं. एक्स्प्रेस येईल म्हणून लांजीची साधी गाडी सोडणाऱ्या प्रवाशांना ते आयुष्यभर जे सांगत आले, ते.

"मामाजी, आलेली गाडी सोडू नये नं?"

ते तसेच उभे राहिले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात, पण ते हसत होते. "माह्यीच गोष्ट मलेच सांगते का व?" म्हणाले, आणि पाय उचलून पायरीवर ठेवला. आतली एक म्हातारी सरकत म्हणाली, "आओ दादा, बैठो, जगह है." मी आत पळाले, आधार कार्ड घेतलं, दाराला कुलूप लावलं, लेकीसाठी किल्ली शेजारणीकडे दिली आणि मागच्या आडव्या सीटवर जाऊन बसले. रस्ताभर मामाजी त्या पांढऱ्या कुर्त्यात ताठ बसले होते आणि बाहेर काही दिसत नसताना एकेक गाव बरोबर सांगत होते.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढली तेव्हा ते कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी आशीर्वाद देतील. म्हणाले, "सूनबाई, तू तं बुढी झाली व." मी म्हटलं, तुमच्यापायीच.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते म्हणाले, आज कब्रस्तानात माझ्यासोबत चाल. एरवी मी त्यांना फाटकापर्यंत पोचवून स्वयंपाकाला परत यायचे. ते एकटेच आत जायचे, क्रूस चाचपून मामीजींची कबर ओळखायचे, गवत उपटायचे, झेंडूची फुलं वाहायचे आणि बोलत बसायचे. त्या दिवशी ते पुढं गेले आणि मध्येच थांबले. एक कबर लखलखीत. गवताची काडी नाही, वर मागच्या रविवारची सुकलेली फुलं. तिच्या शेजारची तरोट्याच्या वाळक्या झुडपांत बुडालेली. मामाजींनी वाकून स्वच्छ कबरीवरचं नाव वाचलं, मग झुडपं बाजूला करून दुसऱ्या क्रूसावरचं. ती झुडपांतली मामीजींची होती. दोन्ही क्रूस एकाच गवंड्यानं घडवलेले, हाताला सारखेच लागणारे. अख्खा पावसाळा मामाजी दुसऱ्याच कुणा बाईच्या कबरीशी संसाराच्या गोष्टी बोलत होते. ती बाई आमच्या चर्चच्या दवाखान्यात जुन्या काळी नर्स होती, तिच्या मागं इथं कोणी नाही.

मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. ते मटकन खाली बसले. मग मामीजींच्या क्रूसावरची माती त्या पांढऱ्या कुर्त्याच्या बाहीनं पुसत म्हणाले, "चुकलो व. उठल्यावर पैले मले झापजो. मंग वर जाऊ." आणि शेजारच्या कबरीकडे वळून, लाजल्यासारखे, "बाई, तुमीबी ऐकून घेतलं इतके दिवस. कोणी येत नव्हतं तुमच्याकडं." त्यांनी हातातली झेंडूची फुलं दोन्हीकडे वाटून वाहिली. आता दर रविवारी तसंच करतात.

मी तिथं उभी होते आणि माझ्या मनातलं कितीतरी दिवसांचं ओझं उतरलं. चुकीच्या नंबरवर आलेला फोन योग्य माणसाला घेऊन गेला. चुकीच्या कबरीवर वाहिलेली फुलं, जिला कोणी नव्हतं तिला मिळाली. आणि माझं ते सुईपाशी बसून केलेलं भांडण, तेही त्यानं ऐकलं. ती गाडी त्यानंच पाठवली का, हे मी कोणाला पटवून देणार नाही. मला एवढंच समजलं, की मी त्याला दोन वाटा दाखवल्या होत्या, आणि तो दोन्ही एकत्र करून, मला न सुचलेल्या तिसऱ्या वाटेनं आला. आपण फाटकाशी बसून राहावं. कोणत्या गाडीनं यायचं ते त्याच्याकडे सोपवावं.

तो ड्रायव्हर अजून अधूनमधून मामाजींना फोन करतो, डोळा कसा आहे विचारतो. छताचा पत्रा मामाजींनी स्वतः उभं राहून बदलून घेतला. वाट पाहणं मात्र सुटलेलं नाही. काल रात्री जेवायला बसलो. मामाजींनी प्रार्थना केली आणि शेवटी डोळे मिटूनच म्हणाले, "सूनबाई, येऊन राह्यला."

मी म्हटलं, "हौ, मामाजी." मग भाजी वाढली.