हात वर करून दिलेलं माप

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी एका डिझायनरला विचारायचे प्रश्न वहीत लिहीत होते. "आई सकाळी गेल्या," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुमचा मापाचा ब्लाऊज इथेच आहे. सवडीने घेऊन जा. आईंनीच सांगून ठेवलंय..." प्रज्ञा म्हणजे कोन गावच्या कमळताईंची सून. फोन ठेवून वहीकडे पाहिलं, तर पहिला प्रश्न कमळताईंचाच होता. गेली सहा वर्षं माझ्या प्रत्येक मुलाखतीत तोच पहिला असतो.

मी नवीन पनवेलला राहते आणि फॅशनवर ब्लॉग लिहिते. पूर्वी लिहिते म्हणजे काय, तर नवी साडी नेसायची, गच्चीत उभं राहून फोटो काढून घ्यायचे आणि खाली दोन ओळी खरडायच्या. वाचक आटत चालले होते आणि खरं सांगायचं तर माझा मलाच कंटाळा आला होता. बंद करण्याआधी शेवटचा उपाय म्हणून डिझायनरांच्या मुलाखती घ्यायचं ठरवलं. बड्या बड्या मंडळींना ईमेल पाठवले. एकानेही ढुंकून पाहिलं नाही.

त्याच दिवसांत कोनला एका मैत्रिणीच्या घरच्या हळदीला गेले. इकडे हळदीला घरच्या साऱ्या बायका एकसारखी साडी नेसतात. बावीस जणी, साडी एकच, पण ब्लाऊज निरखून पाहिले तर प्रत्येकीचा निराळा! नाचणाऱ्या पोरींच्या काखेत जास्तीचा तुकडा जोडलेला, तान्हं बाळ असलेलीचा पुढून उघडणारा, आणि खांदा आखडलेल्या म्हाताऱ्या आत्याचा असा, की हात मागे न नेता घालता यावा. कुणी शिवले म्हणून विचारलं, तर आत्या म्हणाली, "आमच्या कमळीनं. दुसरं कोन शिवनार?"

दुसऱ्या दिवशी मी कमळताईंच्या मशीनसमोर हजर. प्रेरणा कुठून मिळते, आवडता रंग कोणता, अशी माझी छापील यादी. त्या शिवता शिवता नुसतं हं-हं करत राहिल्या. मग घरी येऊन मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. डिझायनर कसे बोलतात ते मला पाठ होतं. ते सगळं मी त्यांच्या तोंडी घातलं. 'निसर्ग हीच माझी प्रेरणा' वगैरे. आणि मोठ्या तोऱ्यात त्यांना वाचून दाखवायला गेले. कमळताईंनी शेवटपर्यंत ऐकलं. चष्मा काढला, पदराने पुसला.

"चांगली बोलते गं ही बाई. कोन हाय ती?"

मी वही मिटली.

"ऊठ. हात वर कर. माळ्यावरचा डबा काढतेस ना, तसा." मी हात वर केले. टेप फिरायला लागली. "आमी माप असं घेतो. नुसती उभी ऱ्हायलेली बाई मी अजून बघितली नाय. आधी इचारायचं, ह्ये घालून तू काय करनार हायेस? मंग कात्री लावायची."

खरी मुलाखत झाली ती तेव्हा, माझे हात वर असताना. घरी येऊन आधीचं सगळं पुसलं आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं. नावाखाली लिहिलं, 'डिझायनर, कोन'. ती ओळ त्यांनी प्रज्ञाकडून दोनदा वाचून घेतली. ती मुलाखत लोकांनी एकमेकांना पाठवली. ईमेलला उत्तर न देणाऱ्यांपैकी एकीचा आपणहून फोन आला, "मलाही तोच प्रश्न विचारा." तेव्हापासून तो प्रश्न सगळ्यांना विचारते. कुणी कुणी उठून स्वतःच्याच डिझाइनकडे नव्याने बघतात. ब्लॉग जगला तो या एका प्रश्नावर, आणि मला खोटं लिहिण्यापासून वाचवलं तेही कमळताईंनीच. त्यांचे आभार मानायला गेलं की म्हणायच्या, "फोटोत पोट आत घेतेस, ते आधी सोड."

शेवटची भेट दिवाळीनंतरची. मशीनवर चादर टाकलेली, त्या अगदी वाळून गेलेल्या. माझी नवी साडी हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. "आता नाय होत गं." तरी निघताना म्हणाल्या, "हात वर कर." मला वाटलं, सवय.

तेराव्यानंतर ब्लाऊज आणायला गेले. खुंटीवर पिशव्या, प्रत्येकीवर नाव. माझ्या पिशवीत टाचणीने लावलेली चिठ्ठी, मोठ्या वाकड्या अक्षरात: 'दोनी बाजूनी उसवून सैल केला हाय. तू भरलीस. नव्या शिंप्याला ह्योच दे.'

घरी येऊन घातला. स्वयंपाकघरात जाऊन माळ्यावरच्या डब्याकडे दोन्ही हात नेले. कुठेही ओढ बसली नाही. डबा काढायचा नव्हता... तरी बराच वेळ हात खाली घेववेनात.