रहम या शब्दावरचं व्याख्यान
कोऱ्या सोलापुरी चादरीच्या खळीचा वास नाकात गेला की मला त्या पंडितांचं व्याख्यान आठवतं, कारण आमच्या वाचनालयात पाहुण्यांचा सत्कार चादर देऊनच करतात. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, दोनच पंखे आणि तेही व्यासपीठाकडे वळवलेले. पंडितांनी फळ्यावर र, ह, म अशी तीन अक्षरं लिहिली. या एकाच अरबी धातूतून रहम म्हणजे दया, रहीम म्हणजे दयाळू, शिवाय आईचं गर्भाशय आणि रक्ताचं नातं या अर्थांचे शब्दही निघतात, असं ते तोंडात विडा घोळवावा तसं सांगत होते. तेवढ्यात मागं एक तान्हं मूल रडलं. त्याची आई मंगळवेढ्याहून एसटीनं आलेली उर्दू शाळेतली शिक्षिका होती; वर्गात मुलींना शिकवायचं म्हणून भराभर लिहून घेत होती. पंडितांनी खडू टेबलावर आपटला. "ही काय बालवाडी आहे? बाहेर काढा त्यांना." सचिव म्हणून मीच गेलो. "ताई, जरा बाहेर बसा की." "साब, बाहर बहुत धूप है. अब्बी चुप होता बच्चा." मी नुसता दाराकडे हात केला. ती उठून गेली आणि पंडितांनी गर्भाशयाची महती पुढं सुरू केली. आम्ही टाळ्याही वाजवल्या. यंदाच्या व्याख्यानासाठी समितीत पुन्हा त्यांचंच नाव निघालं. काल मीच आवाजात साखर घालून फोन केला, "सर, तुमच्याशिवाय दुसरं कोण?" ते म्हणाले, "या वेळी गाडी तरी एसीची पाठवा." मी लगेच 'हो सर' म्हणालो. मला त्यांची किळस येते, हे आता कुणाला कोणत्या तोंडानं सांगू?