यांना चिथावलं कोणी?

मार्थाताई फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढायची आणि आधी उजवी बाजू भरायची. फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली, १७९४. इंग्लंडने गुलामांचा व्यापार बंद केला, १८०७. इंग्लंडने आपल्या वसाहतींमधले गुलाम मुक्त करायचा कायदा केला, १८३३. डावी बाजू कोरी. मग मार्कर टेबलावर ठेवून वर्गाला विचारायची, "या कायद्यांच्या आधी तिकडे बेटांवर काय चाललं होतं?"

नववीच्या पुस्तकात ते नव्हतं. पॅरिसच्या सभेने वसाहतींमधल्या गुलामांना मुक्त केलं, एवढंच होतं. मुलं एकमेकांकडे बघायची. मग ती सावकाश डावीकडे लिहायला घ्यायची. आज ज्याला हैती म्हणतात त्या बेटावरचे गुलाम १७९१ मध्ये उठले, उसाचे मळे पेटले, आणि पॅरिसच्या सभेने ठरावासाठी हात वर केले तोवर बेटावरच्या माणसांनी स्वातंत्र्य जवळजवळ हिसकावून घेतलं होतं. नेपोलियनने ते परत काढून घ्यायला फौज पाठवली, ती फौजही हरली. हे बघून शेजारच्या इंग्रजी बेटांवरचे मळेवाले रात्री दाराला अडसर लावून झोपू लागले. आफ्रिकेतून आणखी माणसं भरून आणणं म्हणजे घरात दारूगोळा भरणं, असं लंडनमध्येही लोक बोलू लागले. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला होता, "सो मिस, दे वेअर जस्ट स्केअर्ड?" ती म्हणाली, चांगली माणसंही होती, अर्ज करणारी, गुलामांच्या मळ्यातली म्हणून साखर खाणं सोडणारी. पण चांगली माणसं त्याआधीही होतीच की.

वर्गात हे इंग्रजीत. गाडीत मात्र वसईच्या मराठीत यायचं. "साहेबाला एकाएकी देव आठवला ना बाय, की समजायचं, मागे कुठेतरी ऊस पेटलाय."

आम्ही दोघी बहारीनमध्ये, सनद भागात, एकाच इमारतीत राहायचो. तिचा नवरा तिथेच हॉटेलात कामाला होता, तिथेच वारला. मागे ती आणि मुलगी रिया. तिचा व्हिसा शाळेचा, रियाचा व्हिसा तिच्यावर. रिया आमच्याच शाळेत बारावीला होती, बोर्डाचा नंबर इथला पडलेला. म्हणजे मार्थाताईची नोकरी मार्चच्या आत गेली असती तर पोरीचं वर्ष गेलं असतं. हे मला नीट माहीत होतं. मी सामाजिक शास्त्र विभागाची प्रमुख होते. रोज सकाळी ती माझ्या शेजारी बसून शाळेत यायची, मांडीवर डबा, डब्यात बहुतेक वेळा सुकट. "काचा खाली कर, नाहीतर मुलं तुला सुकट मिस म्हणतील," असं स्वतःच सांगायची.

एकदा तिने मुलांना मुहर्रकला जुनी घरं बघायला नेलं. मोत्यांचे व्यापारी तिथे राहायचे. तिथल्या थंड ओसरीवर बसून तिने सांगितलं की इथल्या होड्यांवरही गुलाम पाणबुडे असत, आणि त्यांतले काही पळून इंग्रजांच्या कचेरीत जाऊन सुटकेचा कागद मागत. परतताना मी म्हटलं, हे जरा जपून. ती म्हणाली, "मी काय वेगळं सांगते? कचेरी चालत त्यांच्याकडे गेली नाही, ते धावत कचेरीकडे गेले. एवढंच."

तिची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आठवते, कारण पुढे तीच माझ्यावर आली. जमैकात गुलामांनी काम थांबवलं, मग बंड झालं, ते चिरडलं गेलं, आणि मळेवाल्यांनी काय केलं? पाद्र्यांना धरलं, त्यांची प्रार्थनाघरं पाडली. "त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच, यांना चिथावलं कोणी? आपल्या मळ्यातली माणसं आपापसात बोलून काही ठरवू शकतात, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं."

आता वेंकटम्मा.

आमच्या शाळेच्या बसवर लहान मुलांना चढवायला-उतरवायला आया असत. बहुतेक आंध्रच्या. आयाशिवाय बस हलवायची नाही असा नियम. या आयांचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असत. कायद्याने ते ठेवता येत नाहीत, पण "हरवतील म्हणून सांभाळतो" असं आमचे मॅनेजर साहेब म्हणत. मॅनेजर आपल्याकडचाच माणूस, दिवाळीला सगळ्यांना मिठाई वाटणारा. सुट्टी मंजूर झाली की पासपोर्ट मिळायचा, परत आलं की कपाटात. आम्हा शिक्षकांचे आमच्याकडे होते, त्यामुळे कपाटाचा विचार करायची आम्हाला गरज पडली नव्हती.

वेंकटम्मा त्यांतली सगळ्यात जुनी. तिची आई गावी अखेरच्या घटका मोजत होती. तिने पासपोर्ट मागितला. मॅनेजर म्हणाला, परीक्षा चालू आहेत, संपल्या की जा, इंशाल्ला. परीक्षा संपायच्या आत आई गेली. त्यानंतर वेंकटम्मा रजा मागायला गेली नाही. रोज बसवर चढत होती, मुलांच्या बॅगा घेत होती, फक्त बोलत नव्हती.

मग एका सकाळी आम्ही शाळेत पोचलो तर अंगणात बस जशाच्या तशा उभ्या होत्या. आया बससमोर फरशीवर बसल्या होत्या, पदर डोक्यावर, ओळीने. घोषणा नाही, काही नाही. ड्रायव्हर लांब उभे राहून सिगरेट ओढत होते. मॅनेजर यल्ला, यल्ला, चला उठा, करत टाळ्या वाजवत फिरला, मग ओरडला, मग एकेकीला नावाने हाक मारून व्हिसा कॅन्सल करायची धमकी दिली. एकीनेही मान वर केली नाही. ऑफिसातले फोन वाजायला लागले, ते थांबेनात. कुणाचं पोर उन्हात थांबलं होतं, कुणाला बँकेत वेळेवर पोचायचं होतं. एक पालक थेट मालकांना ओळखत होता.

मार्थाताई माझ्या शेजारी उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, ही मनातून खूश असणार आणि तोंडावर दाखवत नाही. किती चुकीचं वाचलं मी.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. एसी चालू असून त्याच्या मानेवर घाम होता. त्याने पाणी प्यायलं आणि विचारलं, "मॅडम, इनको भड़काया किसने?"

मी गप्प बसू शकले असते. माहीत नाही म्हणू शकले असते, आणि ते खरंही होतं. मला कोणी धमकावलं नाही, काही आमिष दाखवलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी घाबरले होते. तेवढंच असतं तर बरं होतं. मी खरोखर विचार केला. त्या बायका मला डोळ्यांसमोर दिसल्या, सह्या करताना अडखळणाऱ्या, मला बघून बाजूला होणाऱ्या, आणि मला वाटलं, हे यांना सुचणार नाही. कोणीतरी सांगितलं असणार. आणि असं सांगणारं शाळेत एकच माणूस होतं.

"मार्था मिस शिकवतात तसलं," मी म्हटलं.

दुपारपर्यंत पासपोर्ट वाटून झाले. दुसऱ्या दिवशी असेंब्लीत मॅनेजर माइकवर म्हणाला की व्यवस्थापनाने माणुसकीच्या भावनेतून हा निर्णय घेतलाय. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. त्याच आठवड्यात मार्थाताईला बोलावून सांगण्यात आलं की आयांना तिनेच चिथावल्याचं कळलंय, या महिन्यानंतर तिची गरज नाही.

त्या दिवशी आम्ही गाडीतून परतत होतो. बाहेर नुसती धूळ. ती म्हणाली, रियाला अजून सांगितलेलं नाही, पोरगी प्रॅक्टिकलची तयारी करतेय. मी म्हटलं, वकिलाला विचारू, पालकांना भेटू. मी खूप काही म्हटलं. ती मला मधेच थांबवून म्हणाली, "ज्याने कोणी माझं नाव दिलं ना बाय, त्याने माझं जे केलं ते केलं. पण त्या बायांनी आयुष्यात एक गोष्ट केली होती, तीही त्यांच्या हातात राहू दिली नाही."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजला. मी गाडी पुढे काढली.

ही बातमी आयांपर्यंत कशी पोचली ते मला ठाऊक नाही. महिना संपायला आला तेव्हा वेंकटम्मा मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. मी आणि मार्थाताई तिथेच होतो, हिशोब पुरा करायच्या सह्यांसाठी. वेंकटम्माने दार ठोठावलं नाही. आत येऊन टेबलापाशी उभी राहिली.

"साहेब, मिस को क्यों निकाला?"

मॅनेजर म्हणाला, तू बाहेर जा, हा तुझा विषय नाही.

"मेरा ही है. मैं बैठी, तो सब बैठे. किसी ने नहीं बोला." मग तिने मार्थाताईकडे बघितलं, आणि आवाज जरा उतरला. "मिस ने तो मना किया था. रोई थी मेरे सामने. बोली, मत करो अम्मा, सबको घर भेज देंगे."

मार्थाताईने मान खाली घातली होती, वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखी. ती हे पहिल्याच दिवशी सांगून सुटली असती. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कोणाला मना केलं, कधी, कुठे बसून. म्हणून गिळून बसली होती.

वेंकटम्मा जाताना एवढंच म्हणाली की बाहेर सगळ्या विचारतायत, उद्या बसवर यायचं का. धमकी वाटावी असं काही नव्हतं त्या आवाजात. मॅनेजरने खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. मग त्याने आमच्यासमोरचे कागद ओढून घेतले आणि म्हणाला, ठीक आहे, वर्ष पुरं करा, एप्रिलमध्ये बघू.

रियाची परीक्षा झाली. एप्रिलमध्ये त्यांनी मार्थाताईला ठेवलं नाहीच, पण तोवर पोरीचा शेवटचा पेपर होऊन गेला होता.

विमानतळावर मीच सोडायला गेले. रिया ट्रॉली घेऊन पुढे रांगेत लागली, कानात गाणी. दाराशी आम्ही दोघीच उरलो तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "मार्थाताई, तुझं नाव मी दिलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, थोबाडीत मारेल. मारलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते बहुतेक.

"घाबरलीस?" तिने विचारलं.

"नाही. मला वाटलं, त्यांना एवढं सुचणार नाही."

रांग पुढे सरकली. रियाने मागे वळून हात केला, "मम्मा, कम ऑन." मार्थाताईने खांद्यावरची पर्स सारखी केली. तिचे डोळे भरले होते की नुसते दमले होते, मला कळलं नाही.

"मलाही तसंच वाटलं होतं गं, त्यांच्याने हे निभणार नाही," ती म्हणाली. "आणि मी तर तो धडा शिकवत होते."

मग तिने माझा हात क्षणभर दाबला आणि आत गेली.