नालाच्या चुंबकाची गिटार

अकोल्याच्या ऑर्केस्ट्रात खुशालरावांची उभी हयात जुनी इलेक्ट्रिक हवाईयन गिटार वाजवण्यात गेली. ती मांडीवर आडवी ठेवायची. तारांभोवती घोड्याच्या नालासारखी दोन जाड लोहचुंबकं, त्यांच्यामुळेच तिचा आवाज उमटायचा. यंदा अमरावतीला त्यांच्या छातीत पेसमेकर बसला. “लोहचुंबक जवळ आणू नका,” डॉक्टरांनी बजावलं, आणि खुशालरावांना आपलीच गिटार सापासारखी वाटू लागली. तिच्या खोलीतून ते भिंतीला खेटून जात.

शेवटी पत्नी दुर्गाबाईंनीच डॉक्टरांना फोन केला. “छातीपासून हातभर लांब असू द्या, काही होत नाही,” ते म्हणाले.

दुर्गाबाईंनी गिटार टेबलावर मांडली. “वाजवा आता.”

“मले भेव लागते.”

“मी आहो ना.”

अंग मागे ओढून त्यांनी लांबूनच तार छेडली. सूर निघाला आणि छाती धडधडू लागली. खुशालरावांनी झटकन हात मागे घेतला. दुर्गाबाईंनी चटकन नाडी धरली.

“बराबर चालू आहे. हे भेवाचं धडधडणं होय.”

भीती गेली नाही. पण त्या दुपारी त्यांनी अर्धं गाणं वाजवलं, आणि उरलेलं उद्यावर ठेवलं.