पाठीमागचा तहानलेला

मोहफुलांचा वास आला की माझी पाठ अजून ताठ होते. काही वर्षांपूर्वी कुरखेड्याकडच्या जंगलात काकूसोबत मोह वेचत होतो. मागून बुटांचा आवाज आला आणि माझं काळीज असं धडधडलं, की झाडावरची उरलेली फुलंही त्या हादऱ्यानं गळाली. “मावशी, पाणी हाये का?” गस्तीवरचा जवान, आवाज अगदी कोवळा. त्याला पाणी दिलं तर उद्या जंगलातले बंदूकवाले जाब विचारणार, नाही दिलं तर ही बंदूक पाठीशीच. “मागं पाहू नोको,” काकू मला पुटपुटली आणि न वळताच पाण्याचा तुंबा तिनं मागे सरकवला. “मी देलं नाई. तुंबा पडला होता, कोण पेलं ते आमी पाह्यलं नाई.” तो असा घटाघटा प्याला, की मला वाटलं वैनगंगाच आटली. “पाठ काऊन फिरवता मावशी? आमी का वाघ हावो?” “वाघाले पाणी पाजलं तर कोणी विचारत नाई, बाबू.” तुंबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, मग पावलं दूर गेली. आता जंगलातल्या बंदूकवाल्यांचा धाक सरलाय; गावात जवानांची मिरवणूक निघाली की माझी जयजयकाराची घोषणा पार वडशापर्यंत ऐकू जाते. पण त्यातला एखादा माझ्याकडे पाहून हसला की मी खाली पाहतो. तोच असेल तर? त्याचा चेहरा मी पाहिलाच नव्हता.