आमच्या लेकीचे झाडू

शनिवारी आम्ही ट्रॉयहून डेट्रॉइटला गेलो होतो, एका म्युझियममध्ये... चक्क झाडू बघायला!

झालं असं, की आमच्या केतकीनं मागच्या वर्षी कार कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सोडली आणि ती एका जपानी शिल्पकार बाईंची असिस्टंट झाली. या बाई रोजच्या वापरातल्या वस्तू घेतात आणि त्यांचं भलतंच काहीतरी करून टाकतात. माझा नवरा श्रीकांत स्वतः कार इंजिनिअर, त्याच्या काही हे पचनी पडेना. इथल्या महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं की "तिनं ब्रेक घेतलाय" एवढंच सांगायचा... आणि केतकीला ते माहीत होतं.

बाईंच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरले आणि बघतच राहिले. दुकानात मिळतात तेच पिवळे झाडू, शेकडो! पण दांडे काढून, काड्या विंचरून, कातरून अशा लावलेल्या, की समोर गवताचा अख्खा डोंगर, वाऱ्यानं एका बाजूला कललेला. आतून तो कशाच्या आधारावर उभाय ते दिसतच नव्हतं. ते डोकं केतकीचं.

श्रीकांतला कुठलं राहवतंय! आधार शोधायला वाकला, जरा पुढे सरकला आणि... बुटाचं टोक लागलं झाडूला.

लगेच याचा हात खाली. झाडूला स्पर्श केला आणि तोच हात कपाळाला लावला. लक्ष्मीला पाय लागला ना! म्युझियममध्ये कशाला हात लावायचा नसतो, हे विसरलाच.

गार्ड धावत आला. सगळा हॉल आमच्याकडे बघायला लागला, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. केतकी पळत आली, पाठोपाठ त्या बाई.

"बाबा, व्हॉट हॅपन्ड?"

"अगं, पाय लागला गं चुकून..."

पोरीला बरोब्बर कळलं. आमच्याकडे झाडूला पाय लागला तर त्याला नमस्कार करतात, हे तिनं बाईंना समजावून सांगितलं. बाई श्रीकांतसमोर कमरेत वाकल्या, अगदी खालपर्यंत.

हा गोंधळला, त्यानंही हात जोडले. मग गार्डकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आय ॲम सॉरी. बट माय डॉटर मेड धिस. शी इज अ स्कल्प्टर."

केतकीनं मान फिरवली, पण डोळे पुसलेले मला दिसलेच.

वर्षभर थांबली होती हो ती या एका वाक्यासाठी... ऊर भरून आलाय माझा. लेक शिल्पकार आहे आमची!