समोरच्या दाराला ऐकू जाईल असं

"कशा आहात बाई?" असं कुणी विचारलं की त्या दोन पावलं पुढे यायच्या, गॅलरीच्या कठड्याला रेलायच्या आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "मला काय धाड भरलीय? मजेत हाय!"

परभणीतल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत त्या भाड्यानं राहत. पेडगावच्या शाळेत शिक्षिका. मी त्यांना बाई म्हणायची, त्या मला ताई. घर बघायला आल्या तेव्हा त्यांनी पाणी किती वेळ येतं हेसुद्धा विचारलं नाही. गॅलरीत गेल्या, समोरच्या बंगल्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हेच पायजे."

समोर त्यांचा पूर्वीचा नवरा राहत होता.

ही गोष्ट मला महिन्याभरानं कळली, तीही त्यांच्याच तोंडून. वालूरची मुलगी, शिकत असतानाच लग्न झालेली. नवऱ्याला मोठ्या हुद्द्याची नोकरी लागली आणि त्याला बायको गावंढळ वाटू लागली. एका समारंभाहून परत आल्यावर तो म्हणाला, "तू मला शोभत न्हाईस." मग माहेर, मग फारकत. बाईंनी अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं, नोकरी मिळवली, आणि परभणी तालुक्यात बदली मिळताच आमच्या गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या.

"भांडायला न्हाई आले मी," त्या म्हणाल्या. "त्याला बघू दे नुसतं."

आणि तो बघत राहिला. रविवारी बाई भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी करायच्या आणि फोडणी देताना खिडकी सताड उघडायच्या. गल्लीतल्या बायका जमवून गॅलरीत हसायच्या. त्यानं वरचा मजला चढवला तर बाईंनी वरूनच गवंड्याला काम छान झाल्याचं सांगितलं. त्यानं नवी गाडी घेतली तर गल्लीत सगळ्यांच्या आधी अभिनंदन बाईंचं. त्याच्या दुसऱ्या बायकोबद्दल मात्र वाकडा शब्द नाही. एवढंच म्हणायच्या, "ती बिचारी शोभायलीय अजून."

मलाही यात मजा येत होती, खोटं कशाला सांगू? सूड असा रोज, शांतपणे, ताटात वाढलेला तुम्हीही क्वचितच पाहिला असेल.

पण एका संध्याकाळी मी भाजी द्यायला वर गेले. बाई नुकत्याच गॅलरीतून हसत आत आल्या होत्या. त्यांनी गॅलरीचं दार लोटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ताटातली भाकरी तशीच होती. मी भाजी ओट्यावर ठेवून परत फिरले.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनीच तो विषय काढला. "सुरुवातीला सगळं त्याला दाखवायलाच चालायचं, ताई. घास उतरत नव्हता. मग एक दिवस भाकर खरंच गोड लागली. मलाच नवल वाटलं."

तो निवृत्त झाला आणि बंगल्यापुढं येणाऱ्या गाड्या बंद झाल्या. मग एका दुपारी तो आमच्याकडे आला. बैठकीत टेकला आणि बाईंना खाली बोलवा म्हणाला. बाई आल्या, समोर बसल्या. मी उठू लागले तर त्यांनी हातानं थांबवलं. त्यांना साक्षीदार हवा होता.

तो बराच वेळ बोलला. मान गेला, माणसं गेली, घर मोठं झालं पण झोप लागत नाही. तुला बघतो आणि वाटतं, मी काय मिळवलं? शेवटी म्हणाला, "मला माफ कर."

बाईंनी त्याला मी दिलेला चहा संपवू दिला. मग म्हणाल्या, "माफी मागायलात, म्हणजे तुमाला अजून बी काहीतरी कमीच हाय. ते माझ्याकडून मिळायचं न्हाई." त्याचा रिकामा कप उचलत त्या पुढं म्हणाल्या, "शोभत न्हाईस म्हणला होतात. बरोबर होतं. तुमी मला शोभतच नव्हतात."

तो मान खाली घालून रस्ता ओलांडून गेला. बाईंनी त्या दिवशी शिरा केला, मला वाटीभर दिला आणि म्हणाल्या, "बदला लय गोड लागतो, ताई. उगंच म्हणतात, लागत न्हाई म्हणून."

त्यानंतर त्या स्वतःही निवृत्त झाल्या. एका सकाळी केस विंचरत खाली आल्या आणि खोल्या सोडते म्हणाल्या. मी कारण विचारलं.

"काल ध्यानात आलं, लय दिवसांत मी त्या दाराकडं बघितलंच न्हाई. राग बी आठवावा लागायलाय. मग इथं राहून करू काय? पिंगळीला एक घर बघितलंय. मागं पेरूचं झाड हाय. मला पेरू लय आवडतो."

आजवर त्या माणसाच्या संदर्भाशिवाय त्यांनी सांगितलेली ही पहिलीच आवड होती.

सामान फारसं नव्हतंच. टेम्पो भरला. समोरचं दार उघडलं आणि तो बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस नीट बसवलेले. आपल्या ओट्याचा कठडा धरून उभा राहिला. बाई टेम्पोत पुढं बसल्या आणि ड्रायव्हरला विचारू लागल्या, पिंगळीचा बाजार कोणत्या वारी भरतो.

मुद्दाम न बघणाऱ्या माणसाची मान ताठ असते. बाईंची तशी नव्हती. टेम्पो वळला तरी त्या ड्रायव्हरकडे तोंड करून बोलतच होत्या, आणि समोरच्या दारात तो अजून हात अर्धवट वर करून उभा होता.